पायऱ्या दिसल्या पायजे

टाळ्या वाजत असताना उठून कोणी म्हणतं का, की थांबा, हे चुकलं आहे? तेही त्या टाळ्या आपल्यासाठीच वाजत असताना? मी असा माणूस आयुष्यात एकच पाहिला. त्या दिवशी बसलेला धक्का अजून पुरता उतरलेला नाही, आणि त्यापाठोपाठ तो माणूस जे बोलला त्याचा तर मुळीच उतरलेला नाही. पण ते एकदम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई फेकते आहे. म्हणून आधी सर कसे होते ते सांगते.

पुसदच्या कॉलेजात मी तासिकेवर गणित आणि कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. गाव फुलसावंगी. घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन, आणि घरातलं सगळ्यात मोठं तोंड माझं. ‘या पोट्टीच्या तोंडाले कुलूप लावाचं देव भुलला,’ असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हे तोंडाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये गेले तर एक पन्नाशीचा माणूस फरशीवर मांडी घालून बसलेला. समोर कॉम्प्युटरची पेटी उघडलेली, आणि हा सायकलच्या पंपाने तिच्यात हवा मारतो आहे. पंख्यातून पांढरे पुंजके उडत होते. कॉलेजच्या भिंतीला लागूनच कापसाचं जिनिंग होतं, तिथली रुई खिडकीतून येऊन मशीनमध्ये बसायची.

‘लॅबवाले सर कुठं भेटतील?’ मी विचारलं.

‘खालतं बसले हायेत,’ तो म्हणाला आणि पुन्हा पंप मारायला लागला. ‘औंदा रुई कमी हाये. जिनिंग अर्धंच चालू हाये ना. मांगच्या साली त कबूतर निंगन असं वाटे.’

मग मी कीबोर्ड पाहिला आणि माझे डोळेच विस्फारले. प्रत्येक बटणावर लाल नेलपॉलिशने बारीक बारीक चित्रं काढलेली. त्रिकोण, गोल, गोलाला मधून रेघ, उलटा ए, बाण. मला वाटलं, याने मशीनवर जादूटोणा केला की काय! ती कॉम्प्युटरच्या एका भाषेची चिन्हं होती. त्या भाषेत शब्द नाहीतच, नुसती चिन्हं, आणि एकेक चिन्ह अख्ख्या तक्त्याला एकदम कामाला लावतं. नेलपॉलिश सर स्वतः बाजारातून आणत. दुकानदाराने एकदा कोणता शेड म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, ‘काळ्या बटनावर दिसन असा दे.’ तो दुकानदार पुढे कितीतरी दिवस हसत होता.

सरांचं घर पुसदमध्येच. पुढच्या खोलीत वडिलांपासून चालत आलेलं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान, ते आता धाकटा भाऊ पाहायचा. सर शिकले उर्दू शाळेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि शिक्षण सुटलं. मग कोणाच्या तरी ओळखीने मुंबईला एका विमा कंपनीत हमाली करायला गेले आणि मोठ्या मशीनच्या खोलीत कागदाचे गठ्ठे वाहता वाहता ही चिन्हांची भाषा शिकले. कोणी शिकवली नाही हो, गठ्ठ्यावरचं वाचून शिकले! ‘ते भाषा उजवीकडून डावीकडं चालते,’ ते सांगत. ‘बाकीचे साहेब लोक अडखळे. मले त लहानपनापासून तीच सवय.’ कंपनीने पुढे ती भाषा टाकून दिली आणि सरांनाही. ते फ्लॉपींचा एक डबा घेऊन घरी आले, आणि आमच्या कॉलेजने त्यांना तुटपुंज्या मानधनावर ठेवून घेतलं, कारण सायकलच्या पंपाने कॉम्प्युटर चालू ठेवणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता.

फळ्यावरही ते उजव्या टोकापासून लिहीत. आधी एक्स. मग डावीकडे सरकून त्याच्यावर बसलेलं साइन. मग आणखी डावीकडे ई. पोरं हसत. सर म्हणत, ‘हसू नका बे. मोटार बांधतो तवा आधी बॉडी लावतो का? आधी आतली कॉइल. बाहेरचं मंग.’

लूपला त्यांच्या लॅबमध्ये बंदी होती. एखाद्या पोराने प्रोग्राममध्ये तेच ते पुन्हा पुन्हा फिरवलं, की सर त्याला उठवून लॅबला तीन चकरा मारायला लावत आणि विचारत, ‘काय दिसलं?’ पोरगा म्हणे, ‘काही नाही सर.’ ‘हाव ना. चकरा मारनाऱ्याले काही दिसत नाई. अख्खा तक्ता एकदम उचल.’ आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून आठ आठ तास लाइट जायची. ‘पानभर लिवाल त अर्ध्यात लाइट जाते. एक ओळ लाइटीच्या आधी होते.’ मला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. जगात कोणी लोडशेडिंगपायी भाषा निवडली असेल का?

त्यांची लाडकी गोष्ट मात्र एकच. एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन असलं, म्हणजे ई रेज टू साइन एक्स असं काही, की त्याची टेलर मालिका काढायची. घाबरू नका, गणित एवढंच आहे. कितीही वाकडं फंक्शन असो, एका जागी उभं राहून त्याच्याकडे पाहिलं तर ते एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन अशा सरळ तुकड्यांच्या बेरजेसारखं दिसतं. त्या तुकड्यांचे गुणक म्हणजे आकड्यांची एक ओळ. आता आतल्या फंक्शनची ओळ घ्या, तिचा वर्ग, घन, चौथा घात असे सगळे एकाखाली एक मांडा. झाला तक्ता. बाहेरच्या फंक्शनच्या आकड्यांनी त्या ओळींना गुणा आणि उभी बेरीज मारा. झालं उत्तर. दुसऱ्या भाषेत मी याला पानभर लिहिलं असतं, सरांचं ते एका ओळीत बसायचं.

पण उत्तर आलं तरी सर उत्तराकडे पाहत नसत. ते आधी तक्ता छापून घेत आणि विचारत, ‘पायऱ्या दिसते काय?’ आतल्या फंक्शनची शून्यापाशी किंमत शून्य असली, की तक्त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर उशिरा सुरू होते, आणि डाव्या कोपऱ्यात शून्यांच्या पायऱ्या दिसतात. पायऱ्या दिसल्या की उत्तर खरं. मोडलेल्या दिसल्या, की आतलं शून्यावर उभं नाही. मग बाहेरच्याला शून्यापाशी मोजून चालत नाही, आतलं जिथे उभं आहे तिथे जाऊन मोजावं लागतं. हे तपासणं त्यांनी मुद्दाम मशीनवर सोडलं नव्हतं. ‘हे डोयानं पाहाचं,’ ते म्हणत. ‘डोये कायले देल्ले देवानं?’

माणसांनाही ते असंच मोजत. एकदा मागच्या बाकावर एक पोरगा घोरत होता. मी खडू फेकून मारणार तेवढ्यात सरांनी माझा हात धरला. ‘मॅडम, तो तीन दिवस कापसाच्या बैलबंडीवर बसून होता खरेदी केंद्रावर. केंद्र उघडलंच नाई. आज सिद्धा तथून कालेजात आला. आतला कुठी उभा हाये ते पाह्य ना पयले. तू त्याले शून्यावरून मोजून राह्यली.’ मी खडू खाली ठेवला. त्या वर्षी असे किती जण वर्गात झोपत असतील याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

आता कमिटी.

आमचा कॉम्प्युटरचा कोर्स तात्पुरत्या मान्यतेवर चालला होता. कापसाचा भाव पडल्यापासून बाकं रिकामी, आणि प्राचार्यांच्या जिवाला घोर. विद्यापीठाची कमिटी येऊन लॅब पाहणार, पसंत पडली तर कायमची मान्यता, आणि कायमची मान्यता म्हणजे माझी जागा परमनंट. नाही पडली तर कोर्स बंद, आणि मी वणीला. वणीला कायले? तर तिथे कोळशाचे तीन ट्रक असलेलं एक स्थळ बाबांनी पाहून ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण त्याने मला पाहायला आल्यावर एकच प्रश्न विचारला होता, ‘नोकरी सोडाची तयारी हाये ना?’ तेव्हापासून मला रात्रंदिवस ती कमिटीच दिसत होती.

दाखवायला सरांचाच प्रोग्राम ठरला. ई रेज टू साइन एक्स. साइनची शून्यापाशी किंमत शून्य, पायऱ्या झकास दिसत. आदल्या दिवशी प्राचार्य तालीम पाहायला आले आणि पडदाभर आकडे पाहून कपाळाला हात लावला. ‘मॅडम, हे जंगल कशाला? उत्तर वर सरकून दिसेनासं होतंय. कमिटीला नुसतं उत्तर दाखवा.’ सर तेव्हा बाहेर जनरेटरपाशी होते. मी काय केलं? त्या भाषेत टीप लिहायची असेल तर ओळीच्या आधी एक खूण टाकतात. ती दिव्यासारखी दिसते आणि सर तिला दिवाच म्हणत. दिवा टाकलेली ओळ मशीन वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. मी पायऱ्यांच्या ओळीपुढे दिवा टाकला. एक बटण. तक्ता छापणं बंद झालं आणि पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला! सरांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच मला तीन चकरा मारायला लावल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तिघे जण, सफारी घातलेले. मी कीबोर्डवर, सर खिडकीपाशी, प्राचार्य मध्ये घामाघूम. ई रेज टू साइन एक्स झालं, माना डोलल्या. मग अध्यक्ष म्हणाले, ‘साइनच्या जागी कॉस घाला बरं.’

मी घातला. का घातला हो मी? कॉसची शून्यापाशी किंमत एक. शून्य नव्हे, एक! आतलं एकावर उभं आहे, बाहेरचं ई तिथे जाऊन मोजायला पाहिजे. हे मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. पण समोर तक्ता नव्हता, पायऱ्या मोडलेल्या दिसल्या नाहीत, आणि बोट बटणावर पडूनही गेलं. उत्तर आलं. पहिलाच आकडा, दोन पूर्णांक सात एक सहा, आणि पुढे सहा सहा सहा.

शून्य घातलं की हे फंक्शन नुसतं ई उरतं, आणि ई म्हणजे दोन पूर्णांक सात एक आठ. बारावीच्या पोराला पाठ असतं. सात एक सहा नव्हे! सहाच तुकडे घेतले, म्हणून उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं, आणि जवळ होतं म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नव्हतं. तीन सफारी पडद्याकडे पाहत होत्या, तिघांनाही दिसलं नाही. ‘वा! एका ओळीत!’ अध्यक्ष म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. नुसते पाहत होते, भुवईसुद्धा हलवली नाही. मला वाटलं, लाइट जाईल. रोज याच वेळेला जायची. जा गं बाई, जा! पण प्राचार्यांनी आदल्या दिवशी वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन हातापाया पडून ठेवलं होतं, तेव्हा ती कुठली जाते? टाळ्या सुरू झाल्या. आणि मी, फुलसावंगीची, तोंडाला कुलूप नसलेली, गप्प बसले. मनात वणीचे तीन ट्रक एकामागे एक उभे होते.

‘थांबा साहेब,’ सर म्हणाले. ‘हे चुकलं हाये.’

टाळ्या थांबल्या. प्राचार्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सरांनी पुढे येऊन पडद्यावर बोट ठेवलं, सात एक आठ पाहिजे, सात एक सहा आलं, का आलं, हे चार वाक्यांत सांगितलं. मला वाटलं आता ते दिव्याचं बोलतील, माझं नाव घेतील. त्यांना एका नजरेत कळलं होतं की पायऱ्यांच्या ओळीपुढे दिवा कोणी टाकला. मी डोळे मिटून घेतले.

‘चूक माही हाये,’ सर म्हणाले. ‘मॅडमनं मले कालच सांगतलं होतं. म्हने, सर, आतला शून्यावर नसला त हे फसते, प्रोग्राम दुरुस्त करा. मीच ऐकलं नाई. बुढा मानूस, हेकेखोर.’

मी डोळे उघडले. ज्याने फळ्यावरच्या एका वजाच्या खुणेसाठी प्राचार्यांना भर सभेत टोकलं होतं, ज्याला स्वतःच्या टाळ्या सहन झाल्या नाहीत, तो माणूस सरळ माझ्यासमोर उभा राहून धडधडीत खोटं बोलत होता. मी हे त्यांना कधी सांगितलं? कधीच नाही! मी तर त्यांची पहाऱ्याची ओळ बंद केली होती.

‘असं का मॅडम?’ अध्यक्ष माझ्याकडे वळले. ‘मग तुम्ही दुरुस्त करून दाखवाल?’

आता तरी बोलायचं ना! नाही. मी मान हलवली. दिवा काढला, आतल्यातून एक वजा केला, ई ला एकापाशी नेऊन मोजलं. पडद्यावर पायऱ्या आल्या आणि त्यांच्याखाली दोन पूर्णांक सात एक आठ दोन आठ. एकही बटण चुकलं नाही. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. मग कमिटीतल्या एकाने सरांना विचारलं, ‘आपलं शिक्षण?’ सर म्हणाले, ‘बी.एस्सी. दुसरं वर्ष, नापास नाई, सुटलं.’ त्यांनी ते लिहून घेतलं.

मान्यता आली. अट एक होती, लॅब पदवीधर आणि सक्षम व्यक्तीकडे द्यावी. माझं नाव घालून. सर त्याच दिवशी पंप, फ्लॉपींचा डबा आणि नेलपॉलिशची बाटली पिशवीत घालून निघाले. बाटली दारातून परत आणून टेबलावर ठेवली. ‘हे तुले लागन,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पाया पडायचं, माफी मागायची, सगळं पाठ करून गेले होते. सर ओट्यावर बसून मोटारीची जळकी तार ओढून काढत होते. मला पाहून त्यांनी एकच विचारलं.

‘बेटा, ते सात एक सहा. तुले दिसलं होतं ना?’

आणि मी म्हणाले, ‘नाही सर.’

का म्हणाले? भ्याले मी. दिसलं होतं म्हटलं तर मी लबाड ठरते. दिसलं नाही म्हटलं तर नुसती नजरचूक, कोणाचीही होते. एवढाच हिशोब माझ्या डोक्यात झाला. पण सरांचा चेहरा पाहून मला वाटलं, मी यांच्या थोबाडीत मारली की काय. त्यांच्या हातातली तार तशीच राहिली.

‘नाई दिसलं?’ ते हळूच म्हणाले. ‘मले वाटलं दिसलं. म्हून त मी...’ आणि तार खाली ठेवली. ‘बरं. चहा घेऊन जाय.’

चहा अर्धाच ठेवून मी निघाले. रस्त्यात मला उमगलं. मला दिसतं, मी फक्त घाबरले आहे, असं समजून त्यांनी लॅब माझ्या हातात दिली होती. आणि मी त्यांना सांगून आले की ज्या पोरीसाठी तुम्ही सगळं सोडलं, तिला सात एक सहासुद्धा दिसत नाही. तेव्हाच मागे फिरले असते तर! मी नाही फिरले.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. पुसदहून पुसदला! घर तिथून चालत दहा मिनिटांवर, पण हा माणूस कार्ड टाकतो. त्यावर एक मालिका, दोन ओळी चिन्हांच्या, आणि खाली, ‘चूक कुठी हाये?’ मी शोधली, गोल केला, उलट टपाली पाठवली. पुढच्या महिन्यात दुसरं, आधीच्यापेक्षा अवघड. सर मला शिकवत होते. मला दिसत नाही असं समजून, माझे डोळे तयार करत होते! एकदा पोस्टमास्तरांनी कार्ड अडवून ठेवलं आणि मला बोलावून दबक्या आवाजात विचारलं, ‘मॅडम, मानूस कोन हाये तुम्हाले माहीत हाये ना? हे सांकेतिक बिंकेतिक त नाई?’ मी अशी तापले की विचारू नका. ‘हाव, सांकेतिक हाये,’ म्हटलं, ‘लॉगॅरिदमचं कारस्थान हाये, लिहून घ्या!’ बिचाऱ्याने मुकाट कार्ड दिलं. बघा, तिथे तोंड चाललं माझं. जिथे चालायला पाहिजे होतं तिथे नाही चाललं.

सहा वर्षं कार्डं आली. वणीच्या माणसाचं लग्न झालं, जिनिंग पुरतं बंद पडलं, पंख्यात रुई यायची थांबली. मी नेलपॉलिश नवं आणून बटणं रंगवत राहिले. समोरासमोर भेटायचं मात्र टाळलं. बाजारात त्यांची सायकल दिसली तर मी गल्ली बदलायची.

मग एका सोमवारी कार्ड आलं. त्यावर ई रेज टू कॉस एक्स. पहिला आकडा दोन पूर्णांक सात एक सहा, सहा, सहा. खाली, ‘आता दिसते काय?’

हे शेवटचं होतं, परीक्षेचं. सहा वर्षं ते मला इथपर्यंत आणत होते. आता मी तो सहा गोल करून पाठवला की म्हातारा समाधानाने झोपणार, की चला, पोरीला दिसायला लागलं. एक गोल, पन्नास पैशांचं कार्ड, आणि माझं खोटं कायमचं पक्कं. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. तास सोडून दिला आणि तडक त्यांच्या दुकानात गेले.

भावाची पाठ धरली होती, म्हणून सरच दुकानात बसले होते. हाताने फिरवायच्या फिरकीवर तार गुंडाळत होते. फिरकीवरचं मोजायचं यंत्र कधीचंच बिघडलेलं, म्हणून तोंडाने पुटपुटत वेढे मोजत होते. लॅबमध्ये लूपला बंदी करणारा माणूस दिवसभर वेढ्यांवर वेढे घालत होता. ‘एकशे अकरा, एकशे बारा...’ मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच स्टुलाकडे खूण केली. मोजताना त्यांना कोणी टोकलेलं चालत नसे.

मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, ‘सर, मले दिसलं होतं.’

‘एकशे सोळा.’

‘त्या दिवशीच दिसलं होतं. टाळ्यांच्या आधी. पायऱ्यांच्या ओळीवर दिवा पन मीच टाकला होता. तुमच्या घरी येऊन मी खोटं बोलली.’

फिरकी थांबली. सरांचा हात हवेतच राहिला, आणि ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल तरी बोलते आहे.

‘दिव्याचं मले माहीत हाये,’ ते म्हणाले. ‘पन दिसलं होतं? तवाच?’

‘हाव.’

‘या अल्ला!’ त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अवं, मी सहा वर्सं... आंधळीच्या हाती लॅब देऊन आलो म्हून मले नीट झोप नाई वं लागली! दिसत होतं तुले!’ त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले. मग हसता हसता एकदम थांबले. चेहरा कडक झाला. ‘दिसत होतं, अन् बोलली नाई. आंधळी असती त मी शिकवलं असतं. याले काय शिकवू मी?’

मी रडत होते, ते सांगायला आता लाज वाटत नाही. मग सरांनी फिरकीकडे पाहिलं, ओठ हलवून पाहिले, आणि मान हलवली. मोटार वाइंडिंगमध्ये एक वेढा चुकला तर अख्खी कॉइल जळते.

‘गिनती गेली,’ ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांची गिनती गेलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी फिरकी उलटी फिरवून सगळी तार उतरवली, नव्याने टोक अडकवलं आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

‘बस. मी फिरवतो, तू मोज. मनातल्या मनात नाई. मोठ्यानं मोज, रस्त्यावर आइकू गेलं पायजे.’

मी डोळे पुसले, फिरकीकडे पाहिलं, आणि दुकानापुढून जाणारी माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, ‘एक.’